वसंताच्या सुट्टीत आयर्लंडचा पश्चिम किनारा: कमी खर्चातील पाच दिवसांच्या सहलीसाठी मार्गदर्शन

महाराष्ट्रातून पदव्युत्तर शिक्षणासाठी डब्लिनला येणारे विद्यार्थी सप्टेंबरमध्ये दाखल होतात, हिवाळा अभ्यास आणि अर्धवेळ कामात घालवतात आणि ईस्टरची सुट्टी जवळ आली की अचानक त्यांच्या लक्षात येते की आपण अजून अटलांटिक महासागर पाहिलेलाच नाही. माझेही तसेच झाले होते. घाईने आखलेल्या पहिल्या सहलीत मी चार दिवसांत पाच शहरे पाहण्याचा खटाटोप केला, निम्मा वेळ बसमध्ये घालवला आणि रात्री नऊनंतर पबमध्ये पोहोचल्यामुळे बहुतेक वेळा बटाट्याच्या वेफर्सवर भागवले. दुसऱ्या वर्षी तीच सहल निम्म्या अंतराची केली आणि जवळपास दोन तृतीयांश खर्चात ती पूर्ण झाली. त्या दुसऱ्या सहलीच्या आधारे हे टिपण लिहिले आहे. आयर्लंडमध्ये पैसे वाचतात ते घासाघीस करून नव्हे, तर बसचे आणि स्वयंपाकघराचे वेळापत्रक आधी वाचल्यामुळे, हे लक्षात घेऊन पुढील टप्पे वाचावेत.

मार्ग असा आहे: डब्लिनहून गॉलवे, तेथून एक दिवस कॉनेमारा, नंतर किनाऱ्याने बरन प्रदेशातून डूलिन, मोहरचे कडे, जमल्यास एक बेट, आणि एनिस व लिमरिकमार्गे परत डब्लिन.

१. आधी कागदपत्रे, नंतर तिकिटे

आयर्लंड युरोपीय संघात असले तरी शेंगेन क्षेत्रात नाही. त्यामुळे जर्मनी किंवा फ्रान्समध्ये शिकणाऱ्या भारतीय मित्राला तुमच्यासोबत यायचे असेल, तर त्याला आयर्लंडचा स्वतंत्र व्हिसा काढावा लागेल. ब्रिटनमध्ये विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांनाही हेच लागू आहे. ब्रिटन आणि आयर्लंड यांच्यात भारतीयांसाठी एक संयुक्त व्हिसा योजना आहे खरी, पण ती अल्प मुदतीच्या आणि तसा शेरा असलेल्या व्हिसापुरतीच आहे. ब्रिटनचा कोणताही व्हिसा चालतो असे समजून विमानाचे तिकीट काढणे ही फार महाग पडणारी चूक आहे. आयर्लंडच्या एकवेळच्या प्रवेशाच्या व्हिसाचे शुल्क ६० युरो आहे आणि अर्जाला काही आठवडे लागू शकतात, म्हणून अशा मित्रांनी जानेवारीतच हालचाल करावी.

आयर्लंडमध्ये राहणाऱ्यांसाठी खरा सापळा वेगळा आहे. उत्तर आयर्लंड हा ब्रिटनचा भाग आहे. दोन्हींच्या सीमेवर चौकी नाही, पाटीसुद्धा धड दिसत नाही, फक्त रस्त्यावरचे अंतर किलोमीटरऐवजी मैलांत लिहिलेले दिसू लागते. पण चौकी नाही म्हणजे परवानगी आहे असे नव्हे. तुमच्या आयआरपी कार्डावर (आयर्लंडमधील वास्तव्याच्या परवान्यावर) ब्रिटनमध्ये जाता येत नाही आणि भारतीय पासपोर्टधारकाला तेथे जाण्यासाठी ब्रिटनचा व्हिसा लागतो. डब्लिनहून उत्तर आयर्लंडमधील जायंट्स कॉजवेला जाणाऱ्या एक दिवसाच्या स्वस्त सहलींची जाहिरात पाहून अनेक जण पैसे भरून बसतात. त्याहून कमी लोकांना ठाऊक असलेली गोष्ट अशी की डोनेगल परगणा आयर्लंड प्रजासत्ताकात असला तरी डब्लिनहून तिकडे जाणाऱ्या काही बस वाटेत उत्तर आयर्लंडमधून जातात. या लेखातील मार्ग पूर्णपणे प्रजासत्ताकात आहे, हे तो निवडण्यामागचे एक कारण आहे.

सोबत ठेवण्याची यादी:
– पासपोर्ट आणि आयआरपी कार्ड (मूळ प्रती, फोटो फोनमध्येही ठेवावेत)
– महाविद्यालयाचे ओळखपत्र आणि विद्यार्थी लीप कार्ड (सार्वजनिक वाहनांच्या सवलतीचे कार्ड)
– होस्टेल, बस आणि बोटीच्या आरक्षणाच्या प्रती, कारण डोंगराळ भागात नेटवर्क जाते
– चाळीस-पन्नास युरो रोख
– पावसाचे जाकीट, पाणी न शिरणारे बूट, एक उबदार थर, कानटोपी
– पाण्याची बाटली, जेवणाचा डबा, झोपताना कानात घालण्याचे बोळे

छत्री घेऊ नये. किनाऱ्यावरच्या वाऱ्यात ती पाच मिनिटांत उलटी होते. डब्लिनच्या पेनीज दुकानात साधे पावसाळी जाकीट स्वस्तात मिळते आणि पाच दिवसांसाठी ते पुरेसे आहे.

२. तारीख ठरवताना

ईस्टरचा रविवार दरवर्षी २२ मार्च ते २५ एप्रिल या दरम्यान कधीही येतो, आणि तुमच्या सुट्टीतले सर्वांत महाग दिवस म्हणजे त्या रविवारच्या अलीकडचे आणि पलीकडचे दोन-दोन दिवस. तेव्हा आयरिश कुटुंबेही पश्चिमेकडे निघतात. सुट्टी दोन आठवड्यांची असेल, तर ईस्टर टाळून सोमवार ते शुक्रवार असा प्रवास करावा. होस्टेलमधील खाटेचे भाडे आठवड्याच्या मधल्या दिवसांत बरेच खाली येते. १७ मार्चचा सेंट पॅट्रिक दिन मिरवणूक पाहण्यासाठी चांगला आहे, पण स्वस्त सहलीसाठी तो आठवडा वाईट आहे.

मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास पुढे जातात आणि एप्रिलच्या मध्यावर संध्याकाळी आठनंतरही उजेड असतो. दिवसाचे तापमान साधारण १० ते १३ अंश राहते. आपल्याकडे वसंत म्हटले की पळस आणि आंबा डोळ्यांसमोर येतो. इथला वसंत पिवळा आहे. गॉर्स नावाची काटेरी झुडपे बांधांवर पिवळीधमक फुललेली असतात आणि ऊन पडले की त्यांना चक्क ओल्या नारळासारखा वास येतो. कुरणांत नुकतीच जन्मलेली कोकरे असतात. बरनच्या खडकांतली निळी जेन्शियन फुले पाहायची असतील, तर एप्रिलचा शेवट किंवा मे महिना गाठावा.

३. प्रवास: मोटारीशिवाय

चार जणांनी मिळून भाड्याची मोटार घेतली की स्वस्त पडते, असा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. पंचवीस वर्षांखालील चालकासाठी वेगळा अधिभार, विम्याची भरमसाट अनामत आणि ती अडकवून ठेवण्यासाठी लागणारे क्रेडिट कार्ड यांचा हिशेब केल्यावर विद्यार्थ्यांच्या बाबतीत तो सल्ला क्वचितच टिकतो. शिवाय डूलिनच्या आसपासचे रस्ते इतके अरुंद आहेत की समोरून पर्यटकांची मोठी बस आली की मागे जावे लागते.

डब्लिन ते गॉलवे अंतर खासगी थेट बस सुमारे अडीच ते तीन तासांत कापते आणि आगाऊ आरक्षण केल्यास ती बहुधा रेल्वेपेक्षा स्वस्त पडते. रेल्वेने जायचे असेल, तर गाडी ह्यूस्टन स्थानकातून सुटते, कॉनलीतून नव्हे. दोन्ही स्थानके एकमेकांपासून दूर असल्यामुळे या चुकीने गाडी चुकू शकते. रेल्वेचे तिकीट खिडकीवर घेण्यापेक्षा संकेतस्थळावर काही दिवस आधी घेतलेले बरेच स्वस्त असते. विद्यार्थी लीप कार्डावर, तसेच १९ ते २५ वयोगटासाठी असलेल्या कार्डावर, बहुतेक सार्वजनिक वाहनांत मोठी सवलत मिळते. कार्ड हातात यायला वेळ लागतो, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी अर्ज करून उपयोग नाही.

गॉलवेच्या पुढे सगळा भार एका बसवर आहे: बस एरनची ३५० क्रमांकाची बस. ती गॉलवेहून किनव्हारा, बॅलीव्हॉन, डूलिन आणि मोहरच्या कड्यांवरून एनिसला जाते. म्हणजे सहल एका टोकाला सुरू करून दुसऱ्या टोकाला संपवता येते, आल्या वाटेने परतावे लागत नाही. समुद्राच्या बाजूची, म्हणजे डूलिनकडे जाताना उजवीकडची खिडकी धरावी.

या बसबाबत तीन गोष्टी कायम लक्षात ठेवाव्यात. पहिली, गावाकडच्या थांब्यावर हात दाखवल्याशिवाय बस थांबत नाही. नुसते उभे राहिलात, तर चालक तुम्हाला दृश्य पाहणारा पर्यटक समजून पुढे निघून जातो. दुसरी, दिवसातील फेऱ्या मोजक्याच असतात आणि हिवाळी व उन्हाळी वेळापत्रके वेगळी असतात. वसंतात बहुधा हिवाळीच चालू असते, आणि जुन्या प्रवासवर्णनांतील वेळा उन्हाळ्याच्या असतात. तिसरी गोष्ट मी पैसे मोजून शिकलो. सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी बस रविवारच्या वेळापत्रकाने धावतात. ईस्टरच्या सोमवारी मी सोमवारचे वेळापत्रक पाहून कड्यांवर निवांत बसलो होतो आणि शेवटची बस त्याआधीच निघून गेली होती. बोचऱ्या वाऱ्यात पाऊण तास थांबल्यावर डूलिनहून टॅक्सी बोलवावी लागली आणि तिच्या भाड्यात पबमधले दोन वेळचे जेवण झाले असते. टीएफआय लाइव्ह या ॲपमध्ये प्रवासाची नेमकी तारीख घालूनच वेळ पाहावी.

४. मुक्काम: दोनच ठिकाणी

गॉलवेत दोन रात्री आणि डूलिनमध्ये दोन रात्री, एवढेच करावे. रोज मुक्काम बदलला की सामान ठेवण्याचा, सकाळी लवकर खोली सोडण्याचा आणि स्वयंपाकघराचा उपयोग न होण्याचा खर्च वाढतो. होस्टेलमधील सामायिक खोलीतली खाट वसंतात आठवड्याच्या दिवशी साधारण २५ ते ४० युरोंना मिळते. आरक्षण करताना भाड्यापेक्षा आधी दोन गोष्टी पाहाव्यात: वापरता येण्याजोगे स्वयंपाकघर आहे का आणि सकाळचा नाश्ता धरला आहे का. नाश्ता आणि रात्रीचे जेवण होस्टेलच्या स्वयंपाकघरात झाले, तरच दुपारचे पबमधले जेवण परवडते.

गॉलवेतून निघताना लिडल, आल्डी किंवा डन्स यांपैकी एखाद्या दुकानातून उरलेल्या दिवसांचे सामान घ्यावे: पाव, अंडी, चीज, केळी, पास्ता. डूलिन हे मोठे सुपरमार्केट नसलेले, रस्त्याच्या कडेने विखुरलेले खेडे आहे. त्याचे फिशर स्ट्रीट आणि रोडफर्ड असे दोन पुंजके आहेत आणि त्यांच्यात सुमारे एक किलोमीटर अंतर आहे, तेव्हा होस्टेल नेमके कुठे आहे हे नकाशावर पाहूनच बसमधून उतरावे. घरून आलेली लसणाची कोरडी चटणी सोबत असेल तर होस्टेलच्या पास्त्याला अर्थ येतो, हे मी अनुभवाने सांगतो.

५. पबमधले जेवण: कधी, काय आणि कसे मागावे

पब म्हणजे दारूचा गुत्ता, ही समजूत घेऊन आलेली मंडळी इथले सर्वांत चांगले साधे जेवण गमावतात. गावातला पब ही दुपारी खानावळ, संध्याकाळी चावडी आणि रात्री मैफलीची जागा असते. दारू न घेता तिथे बसणे पूर्णपणे मान्य आहे. चहा मागावा, किंवा शीतपेय हवे असल्यास ‘मिनरल’ मागावे. इथे त्या शब्दाचा अर्थ खनिजयुक्त पाणी असा नसून कोला, लेमोनेड वगैरे असा आहे. साधे पाणी मागितल्यास फुकट मिळते. २००४ पासून पबच्या आत धूम्रपानाला बंदी असल्यामुळे त्या त्रासाचीही भीती नाही. लहान मुले सोबत असतील, तर मात्र रात्री नऊनंतर त्यांना थांबता येत नाही (मे ते सप्टेंबर दरम्यान दहानंतर).

वेळ. पबचे दार मध्यरात्रीपर्यंत उघडे दिसते, पण स्वयंपाकघर बहुतेक ठिकाणी रात्री साडेआठ-नऊला बंद होते, आणि आठवड्याच्या मधल्या दिवशी खेड्यात त्याहूनही आधी. दारावर फलक पाहून आत जाण्यापूर्वी ‘जेवण अजून चालू आहे का’ एवढे विचारावे. स्वस्त आणि भरपेट जेवणाची वेळ दुपारची असते. शहरांतल्या अनेक पबमध्ये साडेबारा ते अडीच-तीनच्या दरम्यान ‘कार्व्हरी’ असते: ताट घेऊन रांगेत उभे राहायचे, समोर भाजलेल्या मांसाचे काप करून वाढतात, बाजूला भाज्या आणि वर रस्सा. त्या एका ताटात उकडून कुस्करलेला बटाटा आणि भाजलेला बटाटा असे दोन्ही येतात, आणि बटाट्यासोबत बटाटा वाढण्यात इथे कोणालाही काही वावगे वाटत नाही. साधारण १४ ते १७ युरोंत हे ताट संध्याकाळपर्यंत पुरते. तेच पदार्थ रात्रीच्या यादीत पाच-सहा युरो महाग असतात.

काय घ्यावे. सर्वांत कमी पैशांतला उत्तम पदार्थ म्हणजे त्या दिवसाचे सूप आणि तपकिरी सोडा ब्रेड. हा पाव यीस्टऐवजी ताक आणि सोड्याने फुगवलेला असतो, जाडसर गव्हाचा, थोडा भुसभुशीत, आणि त्यावर खारे लोणी लावून खातात. सूप व पाव सात ते नऊ युरोंत मिळतो आणि थंडीतून आलेल्या माणसाला तो कार्व्हरीपेक्षा अधिक सुख देतो. किनाऱ्यावर असताना सीफूड चाउडर एकदा तरी घ्यावे: सामन, धुरावलेला मासा आणि तिसऱ्यांच्या जातीतले शिंपले यांचे साय घातलेले दाट सूप. कोकणातल्या माणसाला त्यात तिखट-आंबट काहीच नसल्याचे आधी खटकते, पण मासा ताजा असल्याची खूण त्याला पहिल्या घासालाच पटते. फिश अँड चिप्स पबमध्ये बसून १८ ते २० युरोंना पडते. तेच बांधून देणाऱ्या दुकानात कमी पैशांत मिळते, म्हणून पबमध्ये त्यावर पैसे घालवू नयेत असे माझे मत आहे.

आयरिश स्ट्यू मुळात मटण, बटाटा आणि कांदा यांचा पातळ रस्सा आहे. गिनेस स्ट्यू त्याहून वेगळा आणि त्यात बीफ असते. शेफर्ड्स पायमध्ये मेंढीचा खिमा, तर तशाच दिसणाऱ्या कॉटेज पायमध्ये बीफचा. ‘बेकन अँड कॅबेज’मधले बेकन कुरकुरीत पट्ट्यांचे नसून डुकराच्या मांसाचे उकडलेले जाड काप असतात. डब्लिनचे कॉडल हे सॉसेज आणि बेकनचे पातळ कालवण आहे. सकाळच्या ‘फुल आयरिश’ न्याहारीतली काळी चकती म्हणजे ब्लॅक पुडिंग, ती डुकराच्या रक्ताची आणि ओटची असते. पांढरीत रक्त नसले तरी मांस असते. जे खात नाही ते आधी ठाऊक असलेले बरे, कारण यादीत फक्त नाव लिहिलेले असते.

शाकाहारी वाचकांसाठी सविस्तर सांगतो, कारण इथेच सर्वाधिक फसगत होते. युरोपीय आणि आयरिश कायद्यानुसार खाद्यपदार्थांतील १४ ॲलर्जीकारक घटक लेखी सांगावे लागतात, आणि यादीत पदार्थापुढे आकडे छापलेले दिसतात. ते पाहून अनेक जण पदार्थ शाकाहारी असल्याची खात्री करून घेतात. पण त्या १४ घटकांत दूध, अंडी, मासे, गहू येतात. कोंबडी, बीफ किंवा डुकराचे मांस येत नाही. त्यामुळे ‘व्हेजिटेबल सूप’पुढे फक्त दूध आणि सेलरीचा आकडा असला, तरी त्याचा स्टॉक कोंबडीचा असू शकतो. ‘मी शाकाहारी आहे’ एवढ्यावर न थांबता, ‘या सुपात चिकनचा किंवा बीफचा स्टॉक आहे का’ आणि ‘चिप्स कशात तळता’ असे नेमके विचारावे. काही ठिकाणी चिप्स गुरांच्या चरबीत तळतात. विचारण्यात संकोच नको. इथले लोक अशा प्रश्नाचे उत्तर आत जाऊन विचारून येऊन देतात.

निर्धास्तपणे मागता येण्याजोगे शाकाहारी पदार्थही आहेत. कॉलकॅनन म्हणजे कुस्करलेल्या बटाट्यात केल किंवा कोबी आणि भरपूर लोणी. चँप म्हणजे तोच बटाटा कांद्याच्या पातीसह. बॉक्स्टी म्हणजे किसलेल्या कच्च्या बटाट्याचे धिरडे म्हणता येईल, मात्र त्यातले सारण तपासावे. ‘टोस्टी’ मागताना ‘टोस्टेड स्पेशल’ म्हणू नये, कारण त्यात हॅम गृहीत असते. चीज, कांदा आणि टोमॅटोची टोस्टी सांगावी. सूप आणि अर्धी टोस्टी अशी जोडी अनेक पब देतात आणि विद्यार्थ्यासाठी ते आदर्श जेवण आहे.

रीत. साध्या पबमध्ये कोणी टेबलाशी येईल म्हणून बसून राहू नये. जागा धरावी, काउंटरवर जाऊन टेबल सांगून मागणी करावी. काउंटरवर घेतलेल्या पेयासाठी बक्षिसी देण्याची पद्धत नाही. टेबलावर वाढल्यास सुमारे दहा टक्के ठेवतात, आणि बिलात सेवाशुल्क आधीच लावले असेल तर तेही नाही. खर्चाचा छुपा सापळा ‘राउंड’चा आहे. ओळख झालेल्या चौघांपैकी एकाने सर्वांसाठी पेय आणले, तर पुढची पाळी क्रमाने प्रत्येकावर येते आणि ती चुकवणे फार वाईट दिसते. सुरुवातीलाच ‘मी माझे माझे घेईन’ असे हसून सांगितले, तर कोणी वाईट मानत नाही. पाइंट ५६८ मिलिलिटरचा असतो आणि त्याची किंमत गावात व डब्लिनच्या टेंपल बार भागात इतकी वेगळी असते की त्या फरकात एक सूप येते. पबात कोणी ‘व्हॉट्स द क्रॅक’ विचारले, तर घाबरू नये. क्रॅक म्हणजे गंमतजंमत, गप्पा.

संगीत. पश्चिम किनाऱ्यावरच्या पबमध्ये रात्री नऊ-साडेनऊच्या सुमारास फिडल, बासरी, कॉन्सर्टिना घेऊन वादक कोपऱ्यातल्या टेबलाभोवती बसतात. याला ‘सेशन’ म्हणतात आणि त्याला तिकीट नसते. गॉलवेत टिग कोली आणि क्रेन बार, डूलिनमध्ये फिशर स्ट्रीटवरचा १८३२ पासूनचा गस ओ’कॉनर्स, तसेच रोडफर्डमधले मॅकगॅन्स व मॅकडरमट्स ही त्यासाठी प्रसिद्ध ठिकाणे आहेत. वादकांसाठी राखलेल्या खुर्च्यांवर बसू नये, आणि एखाद्याने एकट्याने गायला सुरुवात केली की सारा पब गप्प होतो, तेव्हा आपणही व्हावे. एका चहावर दीड तास बसलो तरी मला कोणी उठवले नाही.

६. दिवसवार आखणी

पहिला दिवस. सकाळच्या बसने गॉलवे, दुपारी कार्व्हरी, नंतर कॉरिब नदीच्या काठाने स्पॅनिश आर्च आणि तेथून सॉल्टहिलच्या समुद्रकाठापर्यंत चालत जावे. याला काहीही खर्च नाही.

दुसरा दिवस. गॉलवेहून क्लिफ्डनमार्गे लेटरफ्रॅकला बसने सुमारे दोन तासांत पोहोचता येते, आणि कॉनेमारा राष्ट्रीय उद्यानाच्या पायवाटा गावातूनच सुरू होतात. प्रवेश विनामूल्य आहे. डायमंड हिल ४४२ मीटर उंच आहे. सह्याद्रीत भटकलेल्या माणसाला चढ किरकोळ वाटेल, पण माथ्यावरचा वारा किरकोळ नाही. दलदलीवर लाकडी फळ्या व दगड टाकून वाट केलेली आहे, ती सोडू नये, नाहीतर घोट्यापर्यंत पाय रुततो. वरून एका बाजूला ट्वेल्व्ह बेन्सची डोंगररांग आणि दुसऱ्या बाजूला समुद्रातली बेटे दिसतात. परतीच्या बसची वेळ आधी पाहून मगच चढायला सुरुवात करावी. पुस्तकांत हमखास सुचवलेला कायलमोर ॲबी हा मठ जवळच आहे, पण त्याचे तिकीट या खर्चात बसत नाही आणि त्याची इमारत रस्त्यावरूनही छान दिसते.

तिसरा दिवस. ३५० क्रमांकाच्या बसने डूलिन. वाटेत बॅलीव्हॉननंतर बरन सुरू होते. आपल्या डोळ्यांना काळ्या बसाल्टच्या कातळाची सवय असते. इथे डोंगरच्या डोंगर राखाडी चुनखडीचे आहेत, त्यांवर माती जवळजवळ नाही आणि खडकांच्या भेगांतून फुले उगवतात. संध्याकाळ संगीतासाठी राखून ठेवावी.

चौथा दिवस. मोहरचे कडे. मराठी माणसाला हे नाव वाचून आंब्याचा मोहर आठवतो, पण ते इथल्या एका जुन्या, नष्ट झालेल्या किल्ल्यावरून आलेले आहे. कड्यांची सर्वाधिक उंची समुद्रापासून २१४ मीटर आहे आणि १८३५ मध्ये बांधलेला ओ’ब्रायन बुरूज माथ्याजवळ आहे. तिकीट संकेतस्थळावरून आधी घ्यावे आणि अगदी सकाळची किंवा उशिराची वेळ निवडावी. ती स्वस्त असते आणि अकरा ते चारच्या दरम्यान येणाऱ्या पर्यटक बसगाड्यांची गर्दीही टळते. एप्रिलपासून पफिन पक्षी गोट आयलंड नावाच्या भागात घरट्यासाठी येतात. लहान दुर्बीण कोणाकडून मिळाली तर आणावी, कारण नुसत्या डोळ्यांना ते ठिपक्याएवढे दिसतात.

डूलिनहून कड्यांपर्यंत सुमारे आठ किलोमीटरची किनारी पायवाट आहे. अपघातांनंतर २०२४ मध्ये तिचे मोठे भाग बंद करण्यात आले होते, त्यामुळे कोणता भाग खुला आहे हे त्याच आठवड्यात तपासावे आणि जुन्या चित्रफितींवर विसंबू नये. कोकणकड्यावर पालथे पडून खाली डोकावण्याची आपली सवय इथे पूर्णपणे सोडून द्यावी. सह्याद्रीचा कातळ टणक असतो. हे कडे शेल आणि वालुकाश्माच्या थरांचे आहेत, समुद्र त्यांना खालून पोखरतो आणि वरचा गवताचा काठ अधांतरी राहतो. वारा जोराचा असेल तर ठिकाणच बंद ठेवतात, म्हणून सकाळी मेट एरनचा हवामान इशारा पाहावा.

समुद्र शांत असेल आणि खिशात ३० ते ३५ युरो उरले असतील, तर एक दिवस वाढवून डूलिनच्या धक्क्यावरून इनिश ओअर बेटावर जावे. ॲरन बेटांपैकी हे सर्वांत लहान असल्यामुळे सायकलीशिवाय पायी पाहून होते. दगडी गडग्यांचे जाळे, आयरिश बोलणारी माणसे आणि १९६० मध्ये वादळात किनाऱ्याला लागलेल्या प्लॅसी जहाजाचा गंजलेला सांगाडा, असे सारे दोन-तीन तासांत होते. बोटी वसंतात सुरू होतात, पण हवामानामुळे आयत्या वेळी रद्द होतात. परतीच्या रेल्वेच्या दिवशी शेवटची बोट धरू नये. मोठे इनिश मोर बेट निवडल्यास बोट गॉलवेजवळच्या रोसाव्हीलहूनही असते, आणि तिथल्या डून एंगस किल्ल्यासाठी दहा युरोंचे विद्यार्थी हेरिटेज कार्ड उपयोगी पडते; डब्लिनचा किलमेनम तुरुंग आणि किल्केनीचा किल्लाही त्याच कार्डावर वर्षभर पाहता येतो. दोन्ही बेटे एकाच सहलीत कोंबू नयेत.

७. खर्चाचा अंदाज

एका विद्यार्थ्याचा, सवलतीच्या तिकिटांसह: सर्व बस व रेल्वे ५५ ते ७० युरो, चार रात्रींचा मुक्काम ११० ते १५०, रोज एक पबमधले जेवण ६५ ते ८०, बाकीचे वाणसामान ३५, कड्यांचे तिकीट आणि किरकोळ खर्च २५. एकूण साधारण २९० ते ३६० युरो, बेट वेगळे. यात मद्याचा एकही पैसा धरलेला नाही.

८. परतीचा दिवस

डूलिनहून सकाळच्या ३५० ने एनिस गाठावे. एनिसहून लिमरिकला रेल्वेने सुमारे चाळीस मिनिटे लागतात आणि लिमरिकहून डब्लिन ह्यूस्टनकडे गाड्या आहेत. एनिस ते डब्लिन असे एकच तिकीट आधीच काढले तर स्वस्त पडते. मात्र डूलिनच्या बसला उशीर होऊ शकतो, म्हणून मध्ये किमान एक तास मोकळा ठेवावा. तेवढ्यात एनिसच्या अरुंद गल्ल्यांतल्या एखाद्या पबमध्ये शेवटचे सूप होते. प्रवासात जमलेल्या पेयांच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या आणि धातूचे कॅन फेकू नयेत. फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येकावर १५ किंवा २५ सेंट अनामत घेतली जाते आणि सुपरमार्केटच्या यंत्रात ते न चेपता टाकले की तेवढ्या रकमेची पावती मिळते. आम्हा तिघांच्या पाच दिवसांच्या बाटल्यांत ह्यूस्टनहून घरी जाण्याचे एकाचे बसभाडे सुटले होते.